सव्वापाचपर्यंत स्कोर सांगू नये

भोपाळमध्ये, पिपलानीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये, मुंबईचं मोठं क्रिकेट स्टेडियम होतं. एरवी ते पलंगाखाली असायचं आणि मुंबईची टेस्ट मॅच सुरू झाली की रोज संध्याकाळी सव्वापाचला बाहेर यायचं. हे मी सांगते तेव्हा लोक हसतात. मी त्यांना भरपूर हसू देते. सुरुवातीला हसलेली माणसं पुढे गोष्ट अर्धी टाकून उठून जात नाहीत, हा माझा अनुभव आहे, आणि ही गोष्ट अर्धी टाकून जावंसं वाटेल अशीच आहे.

बाबा कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन होते. उंच स्टुलावर बसून, जीभ एका कोपऱ्यात दाबून, ते मोठाल्या यंत्रांचे नकाशे ट्रेसिंगच्या कागदावर शाईने उतरवत. प्रिंट काढायची खोली त्यांच्या टेबलाला लागून होती, त्यामुळे त्यांच्या शर्टाला कायम अमोनियाचा वास यायचा; लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच बाबांना असा वास येतो. ज्या यंत्रांचा एकेक बोल्ट त्यांनी कागदावर काढला होता ती यंत्रं त्यांनी क्वचितच पाहिली असतील. त्यांना गरजही वाटायची नाही. प्लॅन, एलिव्हेशन आणि सेक्शन हातात असलं की वस्तू पाहिल्यासारखीच, असं त्यांचं म्हणणं. ते मूळचे वर्ध्याचे, आई अमरावतीकडची. दोघांनीही समुद्र पाहिलेला नव्हता, मुंबईही नव्हती, आणि दोघांनाही क्रिकेटचं वेड होतं. आईचं जरा जास्तच.

त्यांच्याच ऑफिसातले पाठककाका बदली होऊन मुंबईला गेले. तिथून त्यांनी एका पत्रासोबत पातळ कागदावर नव्या स्टेडियमचा आराखडा काढून पाठवला. मधे लंबगोल मैदान, भोवती स्टँडचे तुकडे, एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला चार लाटा काढून दाखवलेला समुद्र. कागदावर नावं नव्हती. ती पत्रात वेगळी लिहिली होती. बाबांनी सलग चार रविवार दाढी न करता त्यावरून मोठा प्लॅन तयार केला, एकेक पायरी रेघेरेघेने दाखवली आणि तो प्लायवूडच्या फळीवर चिकटवला. आईने शिवणाच्या डब्यातली बटणं दिली: अकरा पांढरी फिल्डरांसाठी, दोन काळी बॅट्समनसाठी, दोन पितळी अंपायरसाठी. बॉल म्हणून एक लाल गुंज. घरात कुणाला मोठ्याने शिंकायची परवानगी नव्हती, कारण एकदा माझ्या शिंकेने आख्खी स्लिप उडून स्टोव्हखाली गेली होती.

स्टेडियमचा इतिहास बाबा कीर्तनकाराच्या थाटात सांगत. उपरण्याऐवजी खांद्यावर टॉवेल असायचा. मुंबईत आधी एक जुनं, देखणं मैदान होतं, ते एका क्लबाचं. सामन्याची तिकिटं कुणाला किती द्यायची यावरून क्लबाचं आणि क्रिकेटच्या संघटनेचं बिनसलं, आणि संघटनेने हाकेच्या अंतरावर आपलं स्वतःचं स्टेडियम बांधायला काढलं. तेही इतक्या झपाट्याने बांधलं की बाबा ती हकीकत सांगताना मधेच पाणी प्यायला थांबायचे. आमच्या टाउनशिपला ही कथा सहज पटायची, कारण आमच्या महाराष्ट्र मंडळाचेही नाटकाला पहिल्या रांगेत कुणी बसायचं यावरून दोन तुकडे झाले होते आणि रस्त्याच्या अलीकडे एक, पलीकडे एक असे दोन गणपती बसत होते. मग बाबा वैशिष्ट्यांवर यायचे. लाल मातीची विकेट, म्हणून बॉल उसळणार. सकाळी समुद्राची दमट हवा, म्हणून पहिला तासभर बॉल हवेत वळणार. दुपारी वारा सुटणार. मैदान आटोपशीर, प्रेक्षक अगदी अंगावर. हे सगळं सांगताना ते फळीवर पेन्सिलीचं टोक असं फिरवत की आई पदर सावरून घ्यायची, जणू खरंच वारा आलाय.

आता आमच्या घरचा नियम. टेस्ट मॅच दिवसभर चालायची आणि बाबा आठ ते पाच कारखान्यात. म्हणून आई रेडिओ ऐकायची आणि लांबट वहीत एकेक बॉल लिहून ठेवायची. पाचचा भोंगा झाला की बाबा सायकलवरून घरी येत, हातपाय धूत, चहा घेत, आणि मग आई वाचायची, बाबा बटणं हलवायचे, आणि पूर्ण दिवसाची मॅच आमच्या जमिनीवर पुन्हा व्हायची. तोवर बाबांना स्कोर कळता कामा नये. त्यासाठी ते टेस्टच्या पाचही दिवशी कानांत कापूस घालून जायचे. ऑफिसात साहेब समोर येऊन काही बोलू लागले की बाबा कापूस काढण्याआधी त्यांना हाताने थांबवून विचारत, "साहब, काम की बात है या क्रिकेट की?" पानवाला त्यांची सायकल दिसली की स्कोरची पाटी उलटी करून ठेवायचा. अख्ख्या पिपलानीला ठाऊक होतं, सव्वापाचपर्यंत या माणसाला काही सांगायचं नाही.

अपवाद एकच, शेजारचे सक्सेना अंकल. ते कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. आमचं पिंपळखुटे हे आडनाव त्यांना कधी जमलं नाही, म्हणून ते बाबांना पीपलसाहब म्हणत. बाबांची सायकल वळणावर दिसली रे दिसली की ते गेटवर उभे राहून, कापसालाही दाद न देणाऱ्या आवाजात ओरडत, "पीपलसाहब, सब आउट! अस्सी पे सब आउट!" दुसऱ्या दिवशी म्हणत, "एक भी विकेट नहीं गिरा, कसम से।" बाबा "ला ला ला" असं गात, एक हात कानावर ठेवून, सायकल झिगझॅग करत फाटकात शिरायचे. सक्सेना अंकल रोज वेगळा स्कोर सांगत आणि बहुधा सगळे खोटे. पण कधी चुकून खरा निघेल या भीतीने बाबांचा जीव टांगणीला लागायचा.

"एक दिवस हा माणूस माझी मॅच बिघडवणार," बाबा म्हणायचे.

"भाभीजी, आपके पतिदेव को नौटंकी में होना चाहिए था," भिंतीपलीकडून उत्तर यायचं.

आईच्या वहीबद्दल सांगते. कॉमेंट्री थोडा वेळ हिंदीत, थोडा वेळ इंग्रजीत व्हायची. आईला इंग्रजी येत नव्हतं. ते तिला कॉमेंट्रीनेच आलं. त्यामुळे तिचं इंग्रजी फार चमत्कारिक ठिकाणी कामाला यायचं. मी मैत्रिणीकडे राहायला जाऊ का म्हटलं की ती पोळी लाटतालाटता सांगायची, "अपील टर्न्ड डाउन." भाजीवाल्याने भाव वाढवला की "नो बॉल." वहीत मात्र ती शिस्तीची. बॉलर, बॅट्समन, कुठल्या टोकाकडून, बॉल कुठे गेला, कुणी अडवला, सगळं बारीक अक्षरात. आणि अधूनमधून, कंसात, 'कुकर'. म्हणजे त्या बॉलच्या वेळी शिट्टी झाली आणि काही ऐकू आलं नाही. बाबा अशा बॉलवर थांबायचे. सगळे फिल्डर जागेवर, गुंज बाबांच्या चिमटीत, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या.

"इथे काय झालं असेल गं?"

"पुढच्या बॉलला तोच खेळतोय, म्हणजे आउट नाही. स्कोर तोच आहे, म्हणजे रन नाही."

"सोडला असेल ऑफ स्टंपच्या बाहेर."

"त्याचा स्वभाव नाही सोडायचा. हुकला असेल."

असं दोन-दोन मिनिटं. मग दोघांचं एकमत व्हायचं आणि गुंज विकेटकीपरकडे जायची. समोर ताटलीत सांबारवड्या असायच्या. कोथिंबिरीला आम्ही वऱ्हाडकडचे लोक सांबार म्हणतो. थंडीत ती बिट्टन मार्केटच्या हाटात ढिगाने मिळायची आणि टेस्टही थंडीतच असायची, त्यामुळे आजही मला त्या वड्यांच्या तळणात लेगस्पिन दिसते. माझ्या नवऱ्याला हे समजावून सांगण्याचा नाद मी सोडला आहे.

त्या प्लॅनवर आईने स्वतःची जागा ठरवून ठेवली होती. समुद्राच्या बाजूचा स्टँड, वरून चौथी पायरी, पॅव्हेलियनच्या बाजूने मोजत सातवी खुर्ची. तिथे बाबांनी शाईने एक बारीक फुली काढून दिली होती. तिथून, बाबांच्या हिशेबाने, दुपारी ऊन पाठीवर, वाराही पाठीवर आणि डाव्या हाताला पॅव्हेलियन, म्हणजे आउट झालेला बॅट्समन तोंड पाडून येताना नीट दिसणार. आईला ते बघायचं होतं. सेंच्युरी मारणारे तिला रेडिओवर ऐकू यायचे; आउट होऊन परत जाणारा माणूस मात्र रेडिओवर कुठे जातो ते कळायचं नाही, असं ती म्हणे. "एकदा तिथे बसून पूर्ण दिवस बघायचा," हे तिने इतक्या वेळा म्हटलं होतं की त्यात मागणं उरलं नव्हतं. एक दिवस. पहिल्या बॉलपासून शेवटच्या बॉलपर्यंत, मधे कुकर न लावता.

मी तेरा वर्षांची असताना आईच्या काखेत गाठ आली. टाउनशिपच्या दवाखान्यातून तिला पुढच्या तपासणीसाठी मुंबईला पाठवायचं ठरलं. कागद मिळाला त्या संध्याकाळी बाबा तो पुन्हा पुन्हा उघडून वाचत होते, आणि आई, मी खोटं सांगत नाही, जवळजवळ खुशीत होती. "चला," ती म्हणाली, "या निमित्ताने तरी मुंबई." मला दुसरीकडे ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मलाही नेलं. ट्रंकेत आईचे रिपोर्ट, दोन पातळं, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या, आणि पुठ्ठ्याच्या नळीत गुंडाळलेला प्लॅन, फळीवरून हलक्या हाताने, पाण्याची वाफ देऊन सोडवलेला. हबीबगंजच्या प्लॅटफॉर्मवर सक्सेना अंकल आले होते. त्यांनी आईच्या हातात पेरूंची पिशवी दिली आणि बाबांना म्हणाले, "पीपलसाहब, मैदान देखके आना। असली है कि नहीं, बताना।"

डॉक्टर तरुण होते. तपासण्या तीन दिवस चालल्या. शेवटी त्यांनी बाबांना आत बोलावलं तेव्हा आईही उठून आत गेली. मी बाहेर बाकावर. बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "ऑपरेशनचा उपयोग नाही म्हणतात. औषधं देतायत." जसं दुकानात हवा तो रंग नाही म्हणतात, तशा सुरात. मग बाबांकडे वळून, "पाठक भावजींना फोन करा. आज दुपारी जमेल का विचारा."

पाठककाकांची तिथल्या कुणाशीतरी ओळख होती. मॅच नव्हती, सराव नव्हता. एक माळी हातात रबरी नळी घेऊन मैदानावर पाणी मारत होता आणि बाकी सगळं स्टेडियम रिकामं. जिन्याच्या अंधारातून आम्ही वर आलो आणि एकदम ते हिरवं, गोल, उजेडाने भरलेलं समोर आलं, आणि मला आठवतंय, माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की बटणं किती लहान होती. आईला पायऱ्या चढवत नव्हत्या. बाबांनी तिला कमरेला धरून वरून चौथ्या पायरीपर्यंत नेलं. पाठककाका खालीच थांबले. आई बसली, धाप आवरली, आणि डाव्या हाताला बघितलं.

डावीकडे पॅव्हेलियन नव्हतं. ते उजवीकडे होतं.

बाबांनी नळीतून प्लॅन काढला. उलगडला. समुद्र मागे, बरोबर. रेल्वे समोर, बरोबर; त्याच वेळी पलीकडून गाडीचा आवाजही आला. पण दोन्ही टोकं उलटी होती. त्यांनी प्लॅन फिरवून पाहिला, मग समुद्र पुढे आला. पुन्हा फिरवला. मग कागद उंच धरून मागच्या बाजूने, उजेडाकडे करून बघितला आणि तसेच उभे राहिले. मागच्या बाजूने तो बरोबर होता. मला तेव्हा कळलं नाही, नंतर कळलं: पाठककाकांचा पातळ कागद बाबांनी गिरवायला घेताना पालथा पडला होता. दोन्ही बाजूंनी रेघा सारख्याच दिसत होत्या, नावं नव्हती. समुद्र तेवढा पश्चिमेला यायला हवा म्हणून त्यांनी कागद फिरवून घेतला होता, आणि पॅव्हेलियन पलीकडच्या टोकाला गेलं होतं. ड्रॉइंग ऑफिसात नवीन पोरांनी असं केलं तर बाबा त्यांना भर खोलीत उभं करायचे.

"वीस वर्षं हेच काम करतोय मी," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज त्या रिकाम्या स्टेडियममध्ये फार लहान वाटला. "तुला सहा वर्षं चुकीचं दाखवलं."

आईने जरा वेळ हिशेब केला. मग म्हणाली, "म्हणजे आपले सगळे बॉलर सहा वर्षं उलट्या टोकाकडून धावले." आणि तिला हसू आलं. हसताना तिच्या कुशीत दुखलं, तिने हात दाबून धरला आणि तरी हसत राहिली. "तरी विकेटी काढल्याच हो त्यांनी."

बाबांना हसता येत नव्हतं. ते प्लॅनची गुंडाळी करू लागले आणि ती नीट होईना.

"अहो, मी काय सगळं खरं लिहिलं का?" आई म्हणाली. "कुकर लिहिलेत तेवढेच नाहीत. दूधवाला यायचा, ही बेबी शाळेतून यायची, कधी माझीच जरा डुलकी लागायची. सगळीकडे कुकर कसं लिहिणार? भरून टाकायचे मी. तुम्हाला कधी कळलं नाही."

"किती?" बाबांनी विचारलं.

"बॉल होय? मोजले नाहीत. ओव्हरी म्हणाल तर बऱ्याच."

बाबा तिच्या शेजारी बसले. माळ्याने नळी दुसरीकडे ओढून नेली. मी एका पायरीवरून दुसरीवर उड्या मारत होते, कारण तेरा वर्षांच्या मुलीला गंभीर वेळी काय करायचं ते माहीत नसतं. माझी ही एक गोष्ट मी आजही स्वतःला पूर्ण माफ केलेली नाही; तिथे जाऊन त्यांच्याजवळ बसायला हवं होतं. निघताना आईने बाबांना विचारलं, "टेस्ट थंडीत आहे ना इथे?" बाबा म्हणाले, "आहे. येऊ आपण. मी तिकीट काढतो." आई म्हणाली, "काढा."

तिकीट आलं, पाठककाकांनी पाठवलं. पण थंडी आली तेव्हा आईला पलंगावरून बाथरूमपर्यंत न्यायला दोन माणसं लागत होती. बाबांनी रजा टाकली. मॅचच्या आदल्या रविवारी त्यांनी नवा प्लॅन पुरा केला होता, पॅव्हेलियन जिथे आहे तिथे, आणि फुलीही नव्या जागी. आईला औषधाने दिवसभर गुंगी असायची. ती म्हणाली, "आता तुम्ही ऐका आणि लिहा. मी झोपते. मला मधे काही सांगू नका. सव्वापाचला दाखवा."

म्हणून बाबा स्वयंपाकघरात, रेडिओ अगदी बारीक करून, पाटावर बसून वही लिहू लागले. मी शाळा बुडवून भात-वरण बघत होते. पहिल्याच तासाला कुकरची शिट्टी झाली आणि बाबा माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी गुन्हा केलाय. मग मान खाली घालून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा कंसात तो शब्द लिहिला. संध्याकाळी फळी पलंगावर, आईच्या मांडीवर उशी ठेवून त्यावर. बाबा वाचत, बटणंही तेच हलवत. त्यांना दोन्ही कामं एकदम जमायची नाहीत; फिल्डर मागे राहायचे.

"थर्ड मॅन अजून कालच्या जागी उभा आहे," आई डोळे अर्धे मिटून सांगायची.

"हो हो, नेतो."

पहिला दिवस असा झाला, दुसरा झाला. तिसऱ्या दिवशी मॅच अशी आली की कोण जिंकेल सांगता येईना. आईला त्या संध्याकाळी बसवत नव्हतं, तरी तिने चहापर्यंतचा खेळ पाहिला. एक बॅट्समन आउट झाला. बाबांनी काळं बटण उचललं, आणि डब्यात न टाकता ते क्रीजपासून पॅव्हेलियनपर्यंत, इंच इंच, हळूहळू सरकवत नेलं. आईने पूर्ण वेळ त्याच्यावर नजर ठेवली. ते पायऱ्यांपाशी पोहोचल्यावर ती म्हणाली, "आज इथपर्यंतच. चहानंतरचं उद्या सकाळी बघू, मॅच सुरू व्हायच्या आत."

सकाळी बाबांनी लवकर आंघोळ केली. फळी काढली, चहाच्या वेळी जसे होते तसे सगळे फिल्डर वहीत बघून लावले आणि पलंगापाशी येऊन म्हणाले, "अगं, उठतेस का? मांडलंय." एकदा म्हणाले. मग हात लावला. मग फळी दोन्ही हातांनी सरळ धरून, एकही बटण हलू न देता, बाबा मागे मागे जात टेबलापर्यंत गेले आणि ती तिथे ठेवली. आणि मग मला हाक मारली.

पुढचे दोन दिवस टेस्ट चालू होती. आमच्या घरात कुणी रेडिओ लावला नाही, वर्तमानपत्र कुणी उघडलं नाही. ते वर्तमानपत्र आमच्या दाराशी दिसतच नव्हतं, हे मला फार उशिरा लक्षात आलं. सक्सेना अंकल पहाटे येऊन ते उचलून नेत होते. बाबा कामावर रुजू व्हायच्या आदल्या दिवशी सक्सेना अंकल ड्रॉइंग ऑफिसात गेले, कँटीनमध्ये गेले, पानवाल्याकडे गेले, हे मला त्या पानवाल्यानेच पुढे कधीतरी सांगितलं. म्हणाला, "सक्सेनाजी ने सबको बोल दिया था, वो वाला मैच पीपलसाहब के सामने नहीं।" बाबा कापूस न घालता कामावर गेले आणि कुणी काही बोललं नाही. त्यांनी कुणाला विचारलंही नाही. महिना गेला, वर्ष गेलं. ते पुढे पुन्हा क्रिकेट ऐकू लागले, टीव्ही आल्यावर बघूही लागले, अंपायरला शिव्याही देऊ लागले. पण ती मॅच त्यांच्यासाठी तिसऱ्या दिवशीच थांबलेली होती, आणि एवढी मोठी टाउनशिप, तीन शिफ्टची, हजार तोंडांची, ती त्यांच्यासाठी तिथेच धरून उभी होती. त्या मॅचचं काय झालं ते मला माहीत आहे. लग्नानंतर एका लायब्ररीत मी ते शोधून वाचलं. तुम्हालाही मी ते सांगणार नाही. तुमच्यातलं कुणी बाबांच्या ओळखीचं निघालं तर.

बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, अवधपुरीत छोटं घर बांधलं. सक्सेना अंकलनीही तिथेच, दोन घरं सोडून बांधलं. त्यांची बायको तोवर गेली होती. दोघं म्हातारे रोज संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये टीव्हीपुढे बसत. मी दिवाळीला माहेरी गेले होते तेव्हाची गोष्ट. टीव्हीवर त्या स्टेडियमचा इतिहास सांगणारा कार्यक्रम लागला होता. तिकिटांचं भांडण आलं, लाल माती आली, समुद्राचा वारा आला, आणि बाबा खुर्चीतून निवेदकाच्या चुका काढत होते. सक्सेना अंकल त्यांना चिडवत होते, "आप ही बोल दो ना पीपलसाहब, उसको घर भेज देते हैं।" मी आतून चहा घेऊन येत होते. निवेदक म्हणाला, आता बघू या मैदानावरच्या काही अविस्मरणीय टेस्ट, आणि पडद्यावर काळंपांढरं चित्र आलं, आणि त्याने वर्ष सांगितलं.

सक्सेना अंकल उठले. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. एरवी उठायला त्यांना माझा हात लागायचा. ते उठले, टीव्हीपुढे जाऊन उभे राहिले आणि आवाजाचं बटण चाचपून त्यांनी आवाज पूर्ण बंद केला. रिमोट बाबांच्या मांडीवर होता. बाबांनी त्याला हात लावला नाही.

"दिखता नहीं है, सक्सेना," बाबा म्हणाले.

"देखने जैसा कुछ है नहीं, भाईसाहब।"

त्यांच्या पाठीमागे, सदऱ्याच्या दोन्ही बाजूंनी, प्रकाश हलत होता. त्यांनी एका हाताने टीव्हीचं टेबल धरलं होतं. बाबांनी त्या हाताकडे बघितलं. मग मला मराठीत म्हणाले, "बेबी, त्याला खुर्ची दे तिथे. त्याचे पाय दुखतात."

मी चहाचा ट्रे खाली ठेवला आणि खुर्ची नेऊन दिली. सक्सेना अंकलनी ती मागे सरकवली. खुर्चीत बसले असते तर पडद्याचा वरचा भाग दिसला असता, आणि स्कोर वर लिहून येत होता. ते उभेच राहिले.